फॅटी लिव्हर : चरबी किती, यापेक्षा कोणती हा प्रश्न कळीचा

नवी दिल्ली : पोटाच्या सोनोग्राफीच्या अहवालात ‘फॅटी लिव्हर, ग्रेड १’ हा शेरा आता इतका सर्रास आढळतो की, तो वाचून रुग्ण निर्धास्तपणे फाईल बंद करतात. ही बेफिकिरी अगदीच निराधार नाही. यकृतात चरबी साठलेल्या बहुतेकांना सिरॉसिस होत नाही. ज्यांना होतो, त्यांचे यकृत मात्र वर्षानुवर्षे कोणतेही लक्षण न दाखवता कडक होत जाते. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार देशातील ९ ते ३२ टक्के लोकसंख्येत हा विकार असल्याचा अंदाज आहे. एवढ्या समूहातून खऱ्या धोक्यातील रुग्ण वेगळे कसे काढायचे, ही आरोग्य यंत्रणेपुढील मुख्य अडचण आहे. तिचा शोध घेताना संशोधकांचे लक्ष चरबीच्या प्रमाणाकडून मेदाम्लांच्या प्रकाराकडे आणि पेशींमधून बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म पुटिकांकडे वळले आहे.

मेदाम्ले, म्हणजेच फॅटी ॲसिड, सारखी नसतात. ऑलिव्ह वा शेंगदाणा तेलात मुबलक असलेले ओलेइक आम्ल यकृताची पेशी ट्रायग्लिसराइडच्या थेंबात बऱ्यापैकी सुरक्षितपणे साठवते. संपृक्त पामिटिक आम्ल तसे सहज साठवले जात नाही. त्यापासून सेरामाइड, लायसोफॉस्फॅटिडिलकोलीन यांसारखे घातक रेणू तयार होतात आणि पेशीवर ताण येतो. थोडक्यात, सोनोग्राफीत दिसणारा चरबीचा थेंब हा काही अंशी पेशीचा बचावच असतो.

ताणाखालील पेशी मरण्यापूर्वीच शेजाऱ्यांना संदेश धाडू लागते. पटलाने वेढलेल्या या पुटिकांपैकी एक्सोसोम हा प्रकार जेमतेम ३० ते १५० नॅनोमीटरचा असतो. त्यांत प्रथिने, मेद आणि मायक्रोआरएनए भरलेले असतात. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले की, अशा मेदांमुळे यकृतपेशींतून सुटणाऱ्या पुटिका मॅक्रोफेज या संरक्षक पेशींना चेतवून दाह वाढवतात. फासुडिल या औषधाने उंदरांमध्ये पुटिका घटल्या, तेव्हा यकृताची हानीही कमी झाली. त्याआधी २०१५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील गटाने या पुटिकांतील एक मायक्रोआरएनए ताराकृती पेशींना वण निर्माण करण्यास प्रवृत्त करतो, असे नोंदवले होते. चरबी ते फायब्रोसिस या प्रवासातील एक महत्त्वाचा दुवा त्यातून हाती आला.

पामिटिक आम्ल येते कोठून? भारत हा जगातील सर्वांत मोठा पामतेल आयातदार आहे आणि या तेलात त्याचे प्रमाण सुमारे ४४ टक्के असते. तरीही सारा दोष तेलाच्या डब्यावर टाकणे सोयीचे असले, तरी अपुरे आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात रुग्णांच्या यकृतातील ट्रायग्लिसराइडपैकी ५९ टक्के वाटा रक्तातील मुक्त मेदाम्लांचा, २६ टक्के यकृताने स्वतः घडवलेल्या मेदाचा आणि केवळ १५ टक्के थेट आहाराचा आढळला. साखर व मैद्यापासून यकृत जो मेद घडवते, त्यातील प्रमुख आम्लही पामिटिकच असते. त्यामुळे तेल बदलून गोड चहा आणि बिस्किटे तशीच चालू ठेवल्यास फारसे साधत नाही.

या पुटिका रक्तात उतरतात. त्यामुळे सुई टोचून यकृताचा तुकडा काढण्याऐवजी रक्ततपासणीतून रोगाची अवस्था कळेल, अशी आशा आहे. मात्र पुटिका वेगळ्या करण्याच्या पद्धती प्रयोगशाळेगणिक बदलतात आणि नेहमीच्या वापरातील चाचणी अद्याप दूर आहे. घाई मात्र वाढली आहे. अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये रेस्मेटिरॉमला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये या विकारासाठी सेमाग्लुटाइडला मंजुरी मिळाली. दोन्ही औषधे मध्यम ते प्रगत फायब्रोसिससाठी आहेत. म्हणजे अवस्था ओळखल्याखेरीज ती कोणाला द्यायची, हेच ठरत नाही.

भारताने फेब्रुवारी २०२१ मध्ये फॅटी लिव्हरचा असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात समावेश केला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सुधारित सूचना जारी केल्या. पुटिकांची चाचणी येईपर्यंत ‘फिब-४’ हा निर्देशांक स्वस्त पर्याय ठरतो. त्यासाठी वय, एएसटी, एएलटी आणि प्लेटलेट एवढेच आकडे लागतात. मधुमेहाच्या अनेक रुग्णांच्या फाईलमध्ये ते आधीच असतात; गणित मात्र कोणी केलेले नसते.