द.सा.द.शे.



रामदासपेठेतल्या दवाखान्यांत आणि घरांत राबणाऱ्या बाया बैठकीला येतात, तेव्हा कुणी ना कुणी म्हणतेच, "ताई, टक्केवारी आम्हांला नाही जमत." पण शेकडा पाचाने पाच हजारांचे महिन्याला व्याज किती, हे तीच बाई बोटांवर मोजून सांगते : अडीचशे. हिशेब तिला येतो. तिच्यापासून लपवलेली असते ती एकच गोष्ट.

शाळेच्या गणितात व्याजापुढे 'द.सा.द.शे.' असे लिहिलेले असे. दर साल, दर शेकडा. सावकार शेकडा सांगतो, साल गाळतो. त्याचे 'पाच' महिन्याचे, म्हणजे वर्षाचे साठ. बँकेचे 'बारा' वर्षाचे. कानाला मात्र पाच स्वस्त वाटतात. २०१४ च्या सावकारी कायद्याखाली शासनाने बिगरशेतकऱ्यांच्या विनातारण कर्जाला वर्षाला १८ टक्क्यांची मर्यादा घालून दिली. म्हणजे महिन्याला शेकडा दीड!

दुसरी फसगत 'फ्लॅट' व्याजाची. दहा हजार घेतले, १२ टक्के फ्लॅट, बारा हप्ते. व्याज १,२००, हप्ता ९३३ रुपये. पण मुद्दल तर दर महिन्याला फिटत जाते. शेवटच्या महिन्यात मुद्दल उरते जेमतेम ८३३, आणि व्याज तेच १०० रुपये. उरलेल्या मुद्दलावर हिशेब केला, तर हे १२ टक्के प्रत्यक्षात साडेएकवीसच्या घरात जातात.

म्हणून टक्का ऐकला की दोन प्रश्न विचारायचे : कशावर? आणि किती काळाचा?

हे प्रश्न आपल्या बचत गटांनाही लागू आहेत. शेकडा दोन म्हणजे वर्षाला २४ टक्के. ते व्याज गटातच राहते हे खरे, पण २४ हा आकडा सभेत मोठ्याने उच्चारला गेला पाहिजे.

नोटाबंदीनंतर, २०१६-१७ मध्ये, विदर्भात लघुवित्त कंपन्यांच्या वसुलीविरुद्ध बाया रस्त्यावर उतरल्या. कर्ज बाईच्या नावावर, पैसा गेला घरात, आणि हप्त्याचा तगादा पुन्हा तिच्याच दारात. त्यानंतर, एप्रिल २०२२ पासून, रिझर्व्ह बँकेने लघुवित्त कर्जांसाठी नियम लागू केले : वार्षिक व्याजदर व सर्व आकार दाखवणारा तक्ता कर्जदाराला द्यायचा, कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जाऊ द्यायचे नाहीत, आणि मुदतीआधी कर्ज फेडल्यास दंड लावायचा नाही. बारा हजार उत्पन्न असेल, तर हप्ते सहा हजारांच्या आत.

हा नियम कागदावरून उतरेल तो विचारणाऱ्या बाईमुळेच. अंगठा उठवण्याआधी किंवा सही करण्याआधी तिने तो तक्ता मागितला पाहिजे. तो वाचून दाखवणे, हे आपल्या संघटनांचे काम.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपले कर्जाचे पुस्तक घेऊन यावे. अर्धा तास गणिताचा. सावकाराने गाळलेले ते 'साल' आपण मिळून परत लिहू या.