तिसरा रकाना

१९९७ च्या ऑक्टोबरात, दुर्गापूजेच्या सुट्ट्या संपल्या त्या आठवड्यात, गार्डन रीचच्या आमच्या रेल्वे क्वार्टरवर एक रजिस्टर्ड पत्र आलं. बाबा ऑफिसात होते. पोचपावतीवर आईनं सही केली आणि पाकीट फोडलं. नागपूरच्या आमच्या घराचे पाच हप्ते थकले होते. ते भरले नाहीत तर कर्ज देणारी संस्था कोर्टात जाणार होती.

आईला यातलं काहीच माहीत नव्हतं. संध्याकाळी बाबा आल्यावर तिनं चहा दिला, पत्र समोर ठेवलं आणि एकच विचारलं, "अहो, काहून सांगितलं नाही?" बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मी तेव्हा कॉलेजात होते. त्या शांततेत खिदिरपूर डॉककडून आलेला जहाजाचा भोंगा मला आजही आठवतो.

विदर्भातली मराठी कुटुंबं कोलकात्यात हुगळीकाठी कशी पोचली, याचं उत्तर रेल्वेच्या जुन्या नावातच आहे. बेंगॉल नागपूर रेल्वे. १८८७ साली स्थापन झालेल्या या कंपनीचा कारभार पुढे गार्डन रीचहून चाले. १९५५ मध्ये दक्षिण पूर्व रेल्वे झाली, तेव्हा मुख्यालय तिथंच राहिलं आणि २००३ पर्यंत नागपूर विभागही याच रेल्वेत होता. त्यामुळे नागपूरच्या मोतीबागेतला रेल्वेचा माणूस बदली होऊन गार्डन रीचला जाई. राहायला क्वार्टर मिळे, पण निवृत्त झालं की ते सोडावं लागे. म्हणून नोकरीत असतानाच कर्ज काढून गावाकडे दोन खोल्या बांधायच्या, अशी रीत होती. बाबांनीही दीड लाखाचं कर्ज घेतलं होतं. महिन्याला दोन हजारांच्या आसपास हप्ता होता.

मग एका सहकाऱ्याच्या कर्जाला बाबा जामीन राहिले. त्यानं पैसे भरायचं थांबवलं आणि वसुली बाबांच्या पगारातून होऊ लागली. उरलेल्या पगारातून बाबांनी दाराशी येणाऱ्या प्रत्येकाला आधी दिलं. कापडवाल्याला उधारीपैकी थोडं थोडं दिलं, मित्राचे हातउसने परत केले, किराणा चुकता केला. घराचा हप्ता मात्र राहू दिला. का? ते ऑफिस हजार-अकराशे किलोमीटरवर नागपुरात होतं. तिथून कोणी दार वाजवायला येत नव्हतं.

घर हातचं जातं ते असं. ज्याचा तगादा मोठा, त्याला पैसे आधी मिळतात, आणि ज्या देण्यावर छप्पर उभं असतं ते गप्प बसून राहतं. पत्र येतं तेव्हाच ते पहिल्यांदा बोलतं.

त्या रात्री आईनं रेल्वेची एक जुनी डायरी काढली आणि पट्टीनं तीन रकाने आखले. पहिल्यात कोणाला किती द्यायचं, दुसऱ्यात कधीपर्यंत. हे दोन रकाने सगळेच लिहितात. तिसऱ्यावर तिनं लिहिलं, "न दिल्यास काय जातं?" मग बाबांना समोर बसवून एकेक ओळ भरली. कापडवाला: न दिल्यास तो चार शब्द बोलेल. घराचा हप्ता: न दिल्यास घर जातं. वीजबिल: न दिल्यास वीज जाते. माझी फी: न दिल्यास वर्ष जातं. यादी पूर्ण झाल्यावर तिनं रकमेकडे किंवा तारखेकडे न पाहता तिसऱ्या रकान्याप्रमाणे ओळींना नंबर दिले. घर पहिलं आलं. कापडवाला शेवटून दुसरा.

दुसऱ्या दिवशी बाबा स्वतः कापडवाल्याकडे गेले आणि सहा महिने मागून आले. तोंड लपवलं तर सावकार ओरडतो, समोर जाऊन तारीख मागितली तर बहुतेक जण थांबतात, हे आम्ही तेव्हा शिकलो.

थकलेले हप्ते भरायला आईनं दोन पाटल्या विकल्या. शेजारच्या बौदींनी, म्हणजे बंगाली वहिनींनी, सुचवलं, विकू नका, गहाण ठेवा. आई म्हणाली, "गहाण ठेवलं की वहीत आणखी एक ओळ वाढते, अन् तिचंही व्याज." मग ती जवळच्या मटियाबुर्जहून शिवणकाम आणू लागली. १८५६ मध्ये अवधचे पदच्युत नवाब वाजिद अली शाह आपल्या लवाजम्यासह गार्डन रीचला येऊन राहिले, त्यांच्याबरोबर आलेल्यांत शिंपीही होते असं तिथं सांगतात. आज मटियाबुर्ज तयार कपड्यांची मोठी पेठ आहे. उस्ताद शिंप्याला तिथं ओस्तागर म्हणतात. त्यांच्याकडून काज-बटणाचं काम आसपासच्या घरांत नगावर जातं. ईद आणि पूजेच्या आधी काम हाताला पुरत नाही आणि नंतर दोन-दोन महिने हात रिकामे राहतात. आईला काम देणारे ओस्तागर चाचा म्हणत, हंगामाचे पैसे हंगामात खाल्ले तर मंदीत घरभाडं कुठून आणाल? त्यांच्या घरी पूजेची कमाई आली की पुढच्या चार महिन्यांचं भाडं आधी बाजूला निघे. ज्यांची कमाई ठरलेली नाही, त्या रिक्षावाल्यांना, कंत्राटी कामगारांना, शेतकऱ्यांना मी आजही हेच सांगते. चांगल्या महिन्यात खर्च वाढवण्याआधी वाईट महिन्याचा हप्ता वेगळा काढा.

आता काळ बदलला आहे आणि कर्जवसुलीचे कायदे जास्त धारदार झाले आहेत. तिसऱ्या रकान्याशेजारी या तारखा लिहून ठेवा. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की कर्ज अनुत्पादक ठरतं. २००२ च्या सरफेसी कायद्याप्रमाणे बँक त्यानंतर ६० दिवसांची नोटीस देते आणि तेवढ्यात थकबाकी फिटली नाही तर कोर्टात न जाता घराचा ताबा घेण्याची कारवाई करू शकते. नोटिशीवर तुम्ही लेखी हरकत घेतली तर बँकेनं १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यायला हवं. ताब्याच्या कारवाईविरुद्ध कर्ज वसुली न्यायाधिकरणात जायला ४५ दिवस मिळतात. हे सगळे दिवस पत्र कपाटात ठेवलं तरी मोजले जातात. म्हणून पहिला हप्ता चुकण्याआधी बँकेत जा. नोकरी गेल्याचं पत्र किंवा दवाखान्याची कागदपत्रं जोडून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

मुदत वाढवून मिळाली तर तिची किंमतही समजून घ्या. ९ टक्के दरानं २० वर्षांसाठी २५ लाखांचं कर्ज घेतलं तर हप्ता सुमारे २२,५०० रुपये पडतो. तेच २५ वर्षांसाठी घेतलं तर सुमारे २१,००० रुपये. महिन्याला दीड हजार सुटतात, पण शेवटी सुमारे ९ लाख रुपये जास्त भरावे लागतात. घर वाचत असेल तर तेही करावं, फक्त डोळे उघडे ठेवून. आणि घर पेलवतच नाही असं वहीनं सांगितलं, तर लिलावाची वाट न पाहता बँकेला सांगून ते स्वतः विकावं. आपण शोधलेल्या गिऱ्हाइकाकडून लिलावापेक्षा सहसा बरा भाव मिळतो, आणि उरलेले पैसे घेऊन माणूस नव्यानं उभा राहू शकतो.

पण एक धोका कुठल्याच हप्त्याच्या ओळीत दिसत नाही. १७ मार्च २०२४ च्या मध्यरात्री, रमजानच्या दिवसांत, गार्डन रीचच्या अझहर मोल्ला बागानात बांधकाम चालू असलेली पाच मजली इमारत शेजारच्या घरांवर कोसळली. डझनभर माणसं गेली. इमारत बेकायदा होती, हे महापौरांनीच सांगितलं. ज्यांचा तिच्याशी काही संबंध नव्हता, ती माणसं आपल्या घरात झोपलेली असताना ढिगाऱ्याखाली सापडली. बातमी ऐकून मला त्या भागातल्या गल्ल्या आठवल्या, दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं अंग चोरावं अशा अरुंद. अशा ठिकाणी हलक्या कमाईचा माणूस स्वस्त पडतं म्हणून प्रोमोटरला थोडे थोडे पैसे देत फ्लॅट घेतो. पैसे वेळेवर दिलेले असतात. मंजूर नकाशा मात्र त्यानं पाहिलेला नसतो.

आपल्याकडे फार वेगळं नाही. कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींसाठी बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवली गेली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्या पाडण्याचे आदेश दिले. तिथल्या अनेक कुटुंबांनी बँकेचं कर्ज काढून घरं घेतली होती. बँकेनं कर्ज दिलं म्हणजे घर कायदेशीर आहे, हा समज तिथं महागात पडला. इमारत पडली तरी कर्ज फिटत नाही. ते घरावर असतं तसंच माणसावरही असतं. म्हणून आगाऊ रक्कम देण्याआधी पालिकेच्या नगररचना विभागात जाऊन बांधकाम परवानगी खरी आहे का, हे स्वतः पाहा आणि वकिलाला कागद दाखवा. वकिलाचे पाच-दहा हजार जड वाटतात, पण तिसरा रकाना इथंही तेच विचारतो.

आमचं घर वाचलं. त्यात नशिबाचाही वाटा होता. बाबा जुलै १९९८ मध्ये निवृत्त व्हायचे होते. त्याच वर्षी मे महिन्यात केंद्र सरकारनं निवृत्तीचं वय ५८ वरून ६० केलं आणि दोन वर्षांचा पगार वाढीव मिळाला. पण ती वर्षं वहीनं सांभाळली. जुलै २००० मध्ये बाबा निवृत्त झाले. नियमाप्रमाणे चार महिने नेहमीच्या भाड्यानं आणि पुढचे चार दुप्पट भाड्यानं क्वार्टरमध्ये राहता आलं असतं. आईनं पहिल्याच महिन्यात सामान बांधलं. मला राग आला होता, मला गार्डन रीच सोडायचं नव्हतं. तिनं वही पुढे केली. क्वार्टर न सोडल्यास: ग्रॅच्युइटी अडते, घराचं व्याज चालू राहतं. निघायच्या आदल्या दिवशी ती बौदींकडे गेली आणि अडचणीत घेतलेले पाचशे रुपये परत करून आली. त्या ओळीत तारखेचा रकाना रिकामा होता. तिसऱ्यात लिहिलं होतं, "शब्द जातो."

ती डायरी आता माझ्याकडे आहे. तीन वर्षांचं सगळं लिखाण आईच्या अक्षरात आहे, शेवटची ओळ सोडून. ग्रॅच्युइटी हाती आल्यावर, डिसेंबर २००० मध्ये, कर्जाची उरलेली रक्कम भरल्याची नोंद बाबांनी केली आहे. एकेकाळी घरात न सांगितलेली रक्कम त्यांनी ठळक आकड्यांत लिहिली आहे आणि तिसऱ्या रकान्यात, "आता काही जात नाही." खाली दोघांच्या सह्या आहेत.