छत्तीस द्या!

ब्लाउज शिवायला टाकताना आपण काय काय करतो, जरा आठवून बघा. मापाचं जुनं ब्लाउज शोधून काढतो. टेलरताईंना बजावतो, "मुंढ्यात थोडं सैल ठेवा हं, मागच्या वेळी हात वर होत नव्हता." गळा केवढा, बाही कुठपर्यंत, साधे टक्स की कटोरी की प्रिन्सेस कट, यावर दहा मिनिटं बोलणं चालतं. शिवून आलं की घालून बघतो. काखेत चुणी पडली तर परत नेऊन उसवून घेतो. लग्नसराईत तर त्यापायी तीन-तीन चकरा होतात.

आणि त्याच ब्लाउजच्या आत जी घालायची, ती ब्रा कशी घेतो?

मॅचिंग सेंटरमध्ये फॉल, अस्तर, हुकांचं पाकीट असं सगळं घेऊन झालं, की आजूबाजूला कुणी ओळखीचं नाही ना हे बघून हळूच म्हणतो, "दादा, छत्तीस द्या." दादा मागे वळून खोका काढतात. "पांढरी की काळी?" "कुठलीही." कागदात गुंडाळलेली ती वस्तू पिशवीच्या तळाशी जाते. दोन मिनिटांत खेळ खलास! मग पुढचं वर्षभर, रोजचे बारा-चौदा तास, ती आपल्या अंगाला चिकटून. रुततेय, वर चढतेय, खांद्यावरून घसरतेय... पण ते सहन करायचं असतं, असंच जणू ठरलेलं आहे.

ही लाज आपल्याला फार महागात पडते, मैत्रिणींनो. पैशात तर पडतेच, पण पाठीत आणि खांद्यात जास्त पडते.

मुळात हा छत्तीसचा आकडा येतो कुठून? विचारून बघा, बहुतेकींना नीट सांगता येणार नाही. कुणाला लग्नाच्या बस्त्यात मोठ्या वहिनींनी घेऊन दिली होती, तोच आकडा दोन बाळंतपणं होऊन गेली तरी चालू आहे. कुणी ब्लाउजचं छातीचं माप तेच ब्राचं माप धरतं. खरा घोळ इथेच आहे. ब्रावरचा आकडा छातीच्या पूर्ण घेराचा नसतोच. तो असतो खालच्या पट्ट्याचा, म्हणजे स्तनांच्या खाली बरगड्यांभोवती जो पट्टा बसतो त्याचा. छातीचा भराव किती, हे सांगतं ते आकड्यापुढचं अक्षर. ए, बी, सी, डी. त्याला कप म्हणतात.

आपल्या आज्या खणाची चोळी घालायच्या, पुढे गाठ मारून. ती गाठ हवी तशी आवळता यायची, सैल सोडता यायची. दिवस गेलेले असोत की बाळ अंगावर पीत असो, चोळी जमवून घेता यायची. ब्रा ही त्या मानाने नवी आणि परकी वस्तू. १९१४ साली अमेरिकेत मेरी फेल्प्स जेकब नावाच्या तरुणीने आजच्या ब्राच्या जवळ जाणाऱ्या वस्त्राचं पेटंट घेतलं. पहिली ब्रा तिने दोन रेशमी हातरुमाल आणि रिबीन जोडून केली होती म्हणे. कपाची अक्षरं आली त्यानंतर, १९३०च्या दशकात. त्याला नव्वद वर्षं होत आली. आपल्याकडच्या कितीतरी दुकानांत मात्र ती अजून पोचलेलीच नाहीत. तिथे खोक्यावर नुसता आकडा असतो आणि आत सगळ्यांना एकच कप!

आता शिवणाच्या डब्यातली टेप काढा. दार लावून घ्या. अंगात पातळ, पॅड नसलेली ब्रा असू द्या. सरळ उभं राहून, श्वास सोडून, स्तनांच्या बरोबर खाली टेप गुंडाळा. ती पाठीवर खाली-वर होता कामा नये आणि अंगाला नीट बसायला हवी. समजा, माप आलं २९ इंच. मग दुसरं माप, छातीच्या सगळ्यात भरलेल्या जागेवरून, टेप न आवळता. समजा, ते आलं ३८. आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्यांच्या हिशेबात खालच्या मापात चार किंवा पाच मिळवून सम आकडा करतात. २९ अधिक ५, म्हणजे ३४. हा तुमचा पट्टा. ३८ मधून ३४ गेले, उरले ४. एक इंचाला ए, दोनला बी, तीनला सी, चारला डी. म्हणजे तुमचं माप झालं ३४ डी.

आता हीच बाई दुकानात गेली तर काय मागेल? "अडतीस द्या." कारण छाती अडतीस! आणि अडतीसचा पट्टा असतो साधारण ८५ सेंटिमीटरच्या, म्हणजे तेहतीस-चौतीस इंचांच्या घेरासाठी. तिचा घेर आहे २९. मग तो पट्टा पाठीवर वर चढणार. पुढचा भाग खाली ओघळणार. तो उचलायला ती खांद्याचे पट्टे आवळत जाणार. सगळं वजन त्या दोन बारीक पट्ट्यांवर! वास्तविक वजन पेलायचं काम मुख्यतः खालच्या पट्ट्याचं आहे. खांद्यावरचे पट्टे नुसते सोबतीला. भरल्या अंगाच्या किती जणींच्या खांद्यांवर कायमच्या खाचा पडल्यात ते बघा. मान अवघडते, खांदे भरून येतात, आणि आपण म्हणतो, "वय झालं आता, कामाचा शीण आहे." कधीकधी तो नुसता चुकीचा आकडा असतो.

एक सांगायला हवं. हे गणित म्हणजे काही दगडावरची रेघ नव्हे. काही कंपन्या, विशेषतः परदेशी, चार-पाच इंच मिळवतच नाहीत. म्हणून पाकिटावर किंवा लेबलवर सेंटिमीटरमध्ये खालच्या घेराचं माप दिलेलं असेल तर ते बघावं. आकडा फक्त सुरुवातीला. खरा निकाल घालून बघितल्यावरच.

नवीन ब्रा नेहमी सगळ्यात बाहेरच्या, म्हणजे सैल हुकावर नीट बसायला हवी. इलॅस्टिक पुढे सैल पडणारच, तेव्हा आतले हुक कामी येतात. पाठीवरचा पट्टा सरळ रेषेत राहायला हवा. दोन्ही हात वर करा, ओट्यावरच्या फळीवरून डबा काढतो तसे. ब्रा वर सरकली तर पट्टा सैल आहे. कपाच्या वरून किंवा काखेतून मांस बाहेर येत असेल तर कप लहान, कपाला सुरकुत्या पडत असतील तर मोठा. तार असलेली असेल तर ती स्तनावर मुळीच रुतता कामा नये. आणि हो, दोन्ही बाजू अगदी सारख्या क्वचितच कुणाच्या असतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मोठ्या बाजूला बसेल ती घ्यायची.

मग त्या टीव्हीवरच्या, मॉलमधल्या डिझायनर ब्रा? लेसच्या, जाळीच्या, पॅडेड, रंगीबेरंगी? घ्या की! हौस असावी. नवऱ्यासाठीच असं नाही, स्वतःसाठीसुद्धा. आपल्याकडे मात्र हौशीची बाई म्हणजे वाह्यात बाई असा एक न लिहिलेला नियम आहे, आणि तो बायकाच जास्त पाळतात. माझं म्हणणं एवढंच, की आधी रोजची साधी ब्रा मापाची होऊ दे. माप चुकलेली हजार रुपयांची लेस दीडशेच्या सुतीपेक्षा जास्त टोचते. आणि आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात नायलॉनच्या जाड पॅडखाली काय होतं, हे मी सांगायला नको. रोजच्याला सुती, समारंभाला लेस. पातळ किंवा अंगासरशा ब्लाउजखाली शिवणी न दिसणारी, कातडीच्या रंगाची. पांढऱ्या ब्लाउजखाली पांढरी ब्रा उठून दिसते, अंगाच्या रंगाची दिसत नाही. ही साधी गोष्टसुद्धा खोका उघडणारे दादा कधी सांगत नाहीत.

काळी ब्रा घातली की कॅन्सर होतो, तारेची घातली की होतो, रात्री काढली नाही की होतो, असले मेसेज मोबाइलवर फिरतात. ते पुढे पाठवू नका. अमेरिकेतल्या सिएटलच्या फ्रेड हचिन्सन संस्थेने मासिक पाळी थांबलेल्या दीड हजारांवर स्त्रियांची पाहणी केली होती. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ब्रा आणि स्तनाचा कॅन्सर यांचा काही संबंध आढळला नाही. गाठ लागली, स्तनाग्रातून पाणी किंवा रक्त आलं, तर मात्र ब्राचा विचार न करता थेट डॉक्टरांकडे जायचं.

खरा त्रास वेगळाच आहे आणि तो दोरीवर आहे. ब्रा आपण वाळत घालतो कुठे? साडीखाली, परकराखाली, नाहीतर बाथरूममधल्या खिळ्याला. कुणाला दिसू नये म्हणून. पावसाळ्यात ती दोन-दोन दिवस दमटच राहते आणि तशीच अंगावर चढते. घाम आणि ओल यात स्तनांखालच्या घडीत नायटा मजेत वाढतो. गेल्या काही वर्षांत तर नेहमीच्या औषधांनाही तो लवकर दाद देत नाही, असं त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. मग लाजेपायी मेडिकलमधून विचारून ट्यूब आणायची. त्यात अनेकदा स्टेरॉइड असतं. खाज चार दिवस थांबते आणि नायटा आणखी पसरतो. नवऱ्याची बनियन दोरीवर उन्हात झुलते, त्याच्या शेजारी आपली ब्रा झुलली तर आभाळ कोसळत नाही. निदान गच्चीवर तरी!

मुलींचं काय? सातवी-आठवीतली मुलगी एकदम पोक काढून चालायला लागते, धावायची बंद होते, ओढणी मागते. आपण म्हणतो, "समजूतदार झाली." ब्रिटनमध्ये अकरा ते अठरा वयाच्या शाळकरी मुलींची पाहणी झाली, पोर्ट्समथ विद्यापीठातल्या संशोधकांनी ती २०१६ साली मांडली. जवळपास निम्म्या मुली म्हणाल्या, की स्तनांमुळे आमच्या खेळण्यावर परिणाम होतो. हे तिथलं. आपल्या तालुक्यांत पहाटे पाचला रस्त्यावर बघा, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली धावत असतात. मैदानी चाचणीत त्यांना ८०० मीटर पळावं लागतं, तेही घड्याळ लावून. बुटांसाठी घरून पैसे मिळतात. स्पोर्ट्स ब्रासाठी मागायची कशी? मग एकावर एक दोन जुन्या ब्रा चढवून पळायचं. छाती दुखते, दम लागतो, आणि कुणाला सांगता येत नाही. आईने एकदा विचारावं एवढीच त्या पोरीची अपेक्षा असते.

पण सगळा दोष आपल्या लाजेवर टाकून मोकळं होता येत नाही. दुकानांचं काय? मुंबई महापालिकेत २०१३ साली अंतर्वस्त्रं घातलेले दुकानाबाहेरचे पुतळे हटवण्याचा ठराव मंजूर झाला होता. केवढी चर्चा झाली! पुतळ्यांची सगळ्यांना काळजी. जिवंत बाईला ब्रा घालून बघायला दुकानात पडद्याआडची चार फूट जागा आहे का, हे कुणी विचारलं नाही. तिकडे सौदी अरेबियात, जिथे बायकांवर एवढी बंधनं, तिथेही दुकानांत पुरुषच ब्रा विकायचे. जेद्दातल्या कॉलेजात शिकवणाऱ्या रीम असाद यांनी २००८ साली त्याविरुद्ध मोहीम उघडली. अशा दुकानांतून खरेदीच करू नका, असं बायकांना सांगितलं. २०१२च्या जानेवारीपासून तिथे अंतर्वस्त्रांच्या दुकानात विक्रेत्या स्त्रियाच असाव्यात हा नियम लागू झाला. हजारो बायकांना त्यातून नोकऱ्या मिळाल्या, हे आणखी वेगळं.

आपल्याकडे २०११ साली बेंगळुरूत रिचा कर यांनी झिवामे सुरू केली आणि ब्रा घरबसल्या मागवता येऊ लागली. लहान गावांतल्या मुलींना त्याचा मोठा आधार झाला. पण मोबाइल ज्यांच्या हातात नाही, किंवा पार्सल आधी सासूबाई उघडून बघतात, त्यांनी काय करायचं?

आणि ज्यांचा एक स्तन शस्त्रक्रियेत काढून टाकलाय, त्यांनी? त्यांच्यासाठी आत खिसा असलेली ब्रा मिळते, त्यात कृत्रिम स्तन बसतो. सुती धाग्याने विणलेले हलके स्तन मोफत करून देणारे बायकांचे गटही आहेत. पण तालुक्याच्या दुकानात कुणी याचं नावही ऐकलेलं नसतं. मग पदराआड कापसाचा बोळा किंवा रुमालाची घडी.

आपल्या मॅचिंग सेंटरवाल्या दादांना सांगायला हरकत नाही, की काउंटरवर एक ताई बसवा, एक आरसा लावा, एक पडदा टाका, सी आणि डी कपाचे चार खोके मागवा. धंदा वाढेलच त्यांचा. तोवर आपल्या गल्लीतल्या टेलरताई आहेत. आपल्या अंगाला टेप लावायचा मान गावात त्यांनाच आहे. पुढच्या वेळी ब्लाउजचं माप देताना त्यांना म्हणा, "ताई, छातीखालचंही माप घ्या आणि वहीत लिहून ठेवा."