चार बाजू मोजल्या, तरी जमीन किती ते कळत नाही!

12 जानेवारी 2024 ला अटल सेतू सुरू झाला आणि उरण-अलिबागकडच्या जमिनींची चर्चा आणखी वाढली. भाव सांगतात तो गुंठ्यात. 1 गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, साधारण 101.17 चौरस मीटर. मग समोरची वाडी नक्की किती गुंठे, हा थेट पैशाचा प्रश्न होतो.

यासाठी एक झटपट हिशेब वापरतात: समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि गुणाकार करायचा. समजा बाजू क्रमाने 30, 20, 26 आणि 22 मीटर आहेत. सरासरी आली 28 आणि 21, गुणाकार 588 चौरस मीटर. म्हणजे 5.81 गुंठे. झालं?

नाही. चार काठ्या टोकांना बांधून चौकट करा आणि एक कोपरा ढकला. बाजू त्याच राहतात, पण आतली जागा बदलते. सरासरीवाला हिशेब कोपरे काटकोनात आहेत असं धरून चालतो. आयत सोडला, तर त्याचं उत्तर नेहमी खऱ्यापेक्षा जास्तच येतं. म्हणजे फटका बसतो तो विकत घेणाऱ्याला.

उपाय सोपा आहे: टेप घेऊन एक कर्णही मोजा. आता चौकोनाचे दोन त्रिकोण झाले, आणि तीन बाजू माहीत असल्या की त्रिकोणाचं क्षेत्रफळ हेरॉनच्या सूत्राने निघतं.

फोनवर डेस्मॉस हे मोफत ग्राफिंग कॅल्क्युलेटर उघडा. एकेका ओळीत मापं साठवा: ए = 30, बी = 20, सी = 26, डी = 22 आणि कर्ण पी = 30. (ई हे अक्षर वापरू नका, ते 2.718 या स्थिरांकासाठी राखीव आहे.) पुढच्या ओळीत एस = (ए + बी + पी) ÷ 2. मग एस × (एस − ए) × (एस − बी) × (एस − पी) याचं वर्गमूळ घ्या. दुसऱ्या त्रिकोणासाठी सी, डी आणि पी घेऊन हेच करा, पण एस ऐवजी टी लिहा.

उत्तरं 282.84 आणि 278.52. बेरीज 561.36 चौरस मीटर, म्हणजे 5.55 गुंठे. पाव गुंठ्याहून जास्त जागा हवेतच होती!

आता फक्त पी बदलून 25 करा. मापं नावाने साठवलेली असल्याने सगळ्या ओळी आपोआप बदलतात. बाजू त्याच, पण क्षेत्र 500.84 चौरस मीटर, म्हणजे जेमतेम 4.95 गुंठे.

मग जीपीएसने मोजणारं अ‍ॅप का नको? मोकळ्या आभाळाखालीही फोनचं जीपीएस काही मीटर चुकू शकतं, नारळ-सुपारीच्या दाट वाडीत त्याहून जास्त. 30 मीटरची एक बाजू 3 मीटर सरकली, तरी 90 चौरस मीटरचा फरक पडतो.

अजून एक. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. 1 आर म्हणजे 100 चौरस मीटर, गुंठ्यापेक्षा थोडा कमी. दोन्ही एकच समजू नका.

फोनवरचा हिशेब हद्द ठरवत नाही, त्यासाठी भूमी अभिलेख खात्याची मोजणीच लागते. पण टोकन देण्याआधी कुठला प्रश्न विचारायचा, ते यातून कळतं: "कर्ण मोजलात का?"