जुळलं नाही म्हणजे खोटं नाही

घरातले सगळे कागद एकदा टेबलावर काढून बघा. रेशनकार्ड, आधार, मतदार ओळखपत्र, घरपट्टीची पावती, जमिनीचा उतारा, आजोबांचा शाळेचा दाखला. आता त्या सगळ्यांवर आजीचं नाव शोधा. सीमाभागातलं घर असेल तर निदान तीन प्रकारे लिहिलेलं सापडेल. एका कागदावर माहेरचं नाव, एकावर सासरचं, एकावर कानडीतून इंग्रजीत गेलेलं आणि तिथून परत मराठीत आलेलं भलतंच काहीतरी. माणूस मात्र एकच.

आजवर हे चालून जायचं. तलाठ्याला, पोस्टमनला, शाळेतल्या मास्तरांना माहीत असायचं की ही तीच बाई. आता मात्र हे ओळखण्याचं काम स्क्रिप्टकडे जातंय. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला दिलेली छोटीशी सूचनावली: ही यादी घे, ती यादी घे, ओळीला ओळ लाव, जुळेल ते ठेव, न जुळेल ते बाजूला काढ. या शेवटच्या ‘बाजूला काढ’ विषयीच बोलायचंय.

मी बडोद्यात मकरपुऱ्याला राहतो आणि हेच काम करतो. ग्राहकांच्या याद्या सरकारी पत्त्यांच्या यादीशी जुळवायच्या. मकरपुरा म्हणजे गायकवाडांचा जुना राजवाडा, जिथं आता हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, आणि त्याच्या आसपास वाढलेली जीआयडीसी. इथल्या कारखान्यांत जळगाव-धुळ्याकडून आलेली मराठी माणसं आहेत, आणि शहरात गायकवाडी काळापासून राहिलेली मराठी घराणीही आहेत. अशा जुन्या घरातल्या कागदांचा प्रवास बघा. पणजोबांचा कागद मोडीत, आजोबांचा देवनागरीत, वडिलांचा गुजरातीत, मुलाचा इंग्रजीत. बेळगाव, खानापूर, निपाणीत गुजरातीच्या जागी कन्नड ठेवा, गोष्ट तीच.

आता यंत्र कुठं अडखळतं ते बघूया, कारण ‘कॉम्प्युटरनं सांगितलं’ म्हटलं की आपण गप्प बसतो.

दोन नावं किती जवळची आहेत हे मोजायची एक सोपी आणि सर्रास वापरली जाणारी पद्धत आहे. एका नावाचं दुसरं नाव करायला किती अक्षरं बदलावी, घालावी किंवा काढावी लागतात ते मोजायचं. फरक शून्य असेल तर पक्कं जुळलं. एक-दोन असेल तर ‘बहुतेक तोच’. त्यापेक्षा जास्त असेल तर वेगळा माणूस. ही रेघ कुठं ओढायची ते माणूस ठरवतो, यंत्र नाही.

ज्ञानेश्वर हे आपलं नाव घ्या. मराठी माणूस इंग्रजीत ते डी-एन-वाय करून लिहितो. गुजराती कारकून जी-एन लिहितो, कानडी कारकून जे-एन आणि हिंदीवाला जी-वाय. आपल्या स्पेलिंगपासून या तिन्हींचा फरक दोन-दोन अक्षरांचा. म्हणून कुणी म्हणेल, रेघ दोनवर ओढा, काम झालं. पण सुनील आणि सुशील हे दोन सख्खे भाऊ इंग्रजीत लिहून बघा. त्यांच्यातही फरक दोनच अक्षरांचा, आणि घर एक, आडनाव एक, वडील एक. रेघ दोनवर ओढली की दोन भावांचा एक माणूस होतो, आणि एकावर ओढली की आपल्या स्पेलिंगचा ज्ञानेश्वर बाकीच्या तिघांपासून तुटतो. आणखी गंमत म्हणजे १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. जुन्या आणि नव्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये तीन अक्षरांचा फरक आहे. म्हणजे या हिशेबात सुनील आणि सुशील एकमेकांच्या जितके जवळ, तितकं बेळगावसुद्धा स्वतःच्या जवळ नाही!

उच्चारावरून जुळवणी करायचीही एक जुनी पद्धत आहे, साउंडेक्स. तिचं पेटंट १९१८ मध्ये अमेरिकेत झालं आणि ती इंग्रजी आडनावांसाठी बनवलेली आहे. ती पहिलं अक्षर जसंच्या तसं धरते. म्हणजे आपला ज्ञानेश्वर डी, जी आणि जे अशा तीन कप्प्यांत विभागला जातो आणि एकमेकांना कधी भेटतच नाही. ळ तर इंग्रजीत शिल्लकच राहत नाही. कन्नडला ळ आहे, गुजरातीला आहे, मराठीला आहे, पण मधे इंग्रजी आली की काळे आणि काले एकच.

पुढचा घोळ नावांच्या क्रमाचा. आपण स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहितो. गुजरातेत आडनाव आधी येतं. शिवाय नावाला भाई किंवा बेन चिकटतं. सुनीताची सुनीताबेन होते, आणि स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला माहीत नसेल तर ‘पाटील’ हे तिचं पाळण्यातलं नाव ठरतं. यात सगळ्यात जास्त भरडल्या जातात त्या बायका. लग्नानंतर मधलं नाव बदललं, आडनाव बदललं, काही घरांत तर नावच बदललं. पुरुषाच्या दोन कागदांत स्पेलिंगचा फरक असतो, बाईच्या दोन कागदांत सगळंच वेगळं असू शकतं.

मग पत्ता. मकरपुरा गाव, मकरपुरा रोड, मकरपुरा स्टेशन, मकरपुरा डेपो, मकरपुरा जीआयडीसी. जीआयडीसीचा पिन ३९००१०, गावाचा ३९००१४. लोक मात्र तोंडात बसलेला पिन लिहितात. पत्त्यात ‘च्या मागे’, ‘च्या समोर’, ‘च्या बाजूला’. एकाच नावाच्या दोन-दोन सोसायट्या. पोस्टमनला हे सगळं कळतं. स्क्रिप्टला कुणीतरी शिकवावं लागतं, आणि शिकवायला त्या गल्लीची माहिती असावी लागते.

पिन कोड देशात आला तोच मुळी या भानगडीमुळे. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला, आणि तो घडवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्या कोकणातले, संस्कृतचे कवी. गावांची सारखी नावं, वेगवेगळ्या भाषा आणि लिप्यांत लिहिलेले पत्ते, यातून पत्र योग्य जागी जावं म्हणून सहा आकडे. आकड्याला ना लिपी असते, ना स्पेलिंग. ब्रिटनमध्ये तर प्रत्येक पत्त्याला स्वतंत्र क्रमांक आहे आणि २०२० च्या जुलैपासून ते क्रमांक सगळ्यांना मोफत वापरता येतात. आपल्याकडे २०२५ मध्ये टपाल खात्यानं डिजिपिन आणला. साधारण चार मीटर गुणिले चार मीटरच्या चौकोनाला दहा अक्षरांची खूण. चांगली गोष्ट आहे. पण डिजिपिन जागा सांगतो, तिथं कोण राहतं ते नाही. एकावर एक चार मजले असतील तर चौघांचा चौकोन एकच.

इथंच खरी मेख आहे. सरकारी पत्त्यांची यादी बहुतेक वेळा घरपट्टीची यादी असते, आणि घरपट्टी मालकाच्या नावावर असते. मकरपुऱ्यात एका खोलीत भाड्यानं राहणारा फिटर त्या यादीत कुठंच नाही. दहा वर्षं तिथं राहिला तरी नाही. त्याचं रेशनकार्ड किंवा मतदार नोंद या यादीशी ताडून बघितली तर उत्तर ‘जुळत नाही’ असंच येणार. आपल्याला विचारायचं होतं, हा इथं राहतो का. आपण विचारलं, हा इथला मालक आहे का. उत्तर बरोबर आलं, पण चुकीच्या प्रश्नाचं.

हे नुसते कल्पनेतले धोके नाहीत. तेलंगणानं ‘समग्र वेदिका’ नावाची प्रणाली वापरून वेगवेगळ्या खात्यांच्या नोंदी एकमेकांशी जोडल्या. त्या राज्यात १८ लाखांहून अधिक रेशनकार्डं रद्द झाली. हैदराबादेतल्या एका रिक्षावाल्याच्या कुटुंबाचं कार्ड गेलं, कारण नावाच्या साधर्म्यामुळे दुसऱ्याच माणसाची मोटार त्याच्या नावावर लागली होती. शेवटी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की रद्द केलेल्या कार्डांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन पुन्हा पडताळणी करा. म्हणजे जे आधी करायचं ते शेवटी केलं, आणि मधल्या वर्षांचं धान्य गेलं ते गेलंच.

मतदार यादीचंही तसंच. बिहारमध्ये २०२५ च्या विशेष पुनरीक्षणात मसुदा यादीतून सुमारे ६५ लाख नावं बाहेर राहिली. १४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला, ही नावं आणि प्रत्येकाचं कारण जाहीर करा. मग ४ नोव्हेंबर २०२५ पासून तेच काम गुजरात, गोव्यासह बारा राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत सुरू झालं. स्वतःचं किंवा आई-वडिलांचं नाव वीसेक वर्षांपूर्वीच्या यादीत शोधायचं. तेव्हाची यादी गुजराती लिपीत, आताचे कागद इंग्रजीत, आणि घरात बोलतात मराठी. महाराष्ट्र आणि कर्नाटक त्या टप्प्यात नव्हते. म्हणून ते आपल्याला लागू नाही असं समजू नका. तयारीला वेळ मिळाला, एवढाच त्याचा अर्थ.

कुणी म्हणेल, मग काय याद्या तपासूच नयेत? तपासाव्यात की. मेलेल्या माणसाच्या नावानं धान्य उचललं जातं, एकाच माणसाची तीन ठिकाणी नावं असतात, हे आपल्यालाही माहीत आहे. लाखो नोंदी हातानं ताडणं शक्य नाही, आणि कारकून चुकत नाही असंही नाही. उलट नीट लिहिलेली स्क्रिप्ट तासाभरात सांगते की या एवढ्या नोंदी निर्विवाद आहेत, माणसांनी वेळ उरलेल्यांवर घालवावा. तिचा खरा उपयोग तोच. तिनं ढीग वेगळे करावेत. नाव कापायचा अधिकार तिला देऊ नये.

म्हणून आपली मागणी साधी असावी. एक, न जुळलेली नोंद म्हणजे ‘विचारायचं बाकी’, ‘खोटी’ नव्हे. दारात माणूस गेल्याशिवाय नाव काढायचं नाही. दोन, नाव काढलं तर कारण लेखी द्या आणि ते त्या माणसाला वाचता येणाऱ्या भाषेत द्या. राज्यघटनेच्या कलम ३५० नुसार तक्रारीचं निवेदन आपण संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देऊ शकतो, मग कारण का नको? तीन, जुळवणीचे नियम उघड करा. रेघ कुठं ओढली, कोणती यादी खरी धरली, भाडेकरूंचं काय केलं. चार, नाव ज्या लिपीत पहिल्यांदा लिहिलं गेलं ती नोंद पुसू नका. इंग्रजी शेजारी ठेवा, तिच्या जागी नको.

आणि थोडं काम आपलंही आहे. आपल्यातल्या किती जणांनी बीसीए, इंजिनिअरिंग केलंय! बेळगाव-निपाणीची पोरं पुण्या-बंगळुरात हेच काम पगारावर करतात. मराठी नावं कन्नडमध्ये, गुजरातीत, इंग्रजीत किती प्रकारे लिहिली जातात याची यादी करायला आपल्याइतकं योग्य कोण? ज्ञ, ळ, च आणि ज चे दोन-दोन उच्चार, राव, बाई, भाई, बेन. गावांची जुनी-नवी नावं. बायकांची माहेर-सासरची नावं जोडणारा एक रकाना. एक साधी फाईल, कुणालाही वापरता येईल अशी. फक्त त्यात नावांचे प्रकार असू देत, खऱ्या माणसांचे नंबर आणि पत्ते नकोत.

ते जमत नसेल तर निदान घरापुरतं करा. या रविवारी आई-आजीचे कागद काढा, प्रत्येकावरचं नाव जसंच्या तसं एका वहीत लिहा, कागदाचं वर्ष लिहा, जुन्या मतदार यादीतलं पान शोधून त्याची प्रत ठेवा. जिथं दुरुस्ती होऊ शकते तिथं आत्ताच अर्ज द्या आणि पोच घ्या. नोटीस आल्यावर पळापळ करायची वेळ आली तर आजी काय सांगणार? ती एवढंच म्हणेल, ‘अरे, मीच आहे की.’ तिचं ते म्हणणं सिद्ध करणारा कागद तेव्हा आपल्या हातात असला पाहिजे.