कॅमेरा भंगारात घालू नका

नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ चा, नामविस्तार १४ जानेवारी १९९४ चा. मधल्या संघर्षाचं आणि नंतर दरवर्षी विद्यापीठ गेटवर लोटणाऱ्या जनसागराचं चित्रण आमच्याच माणसांनी जमेल तसं कॅसेटवर घेतलं. त्या कॅसेट आज शहरातल्या घराघरांत माळ्यावर बुरशी धरताहेत.

तरुण मित्र विचारतात, मोबाईल असताना हे जुनं धूड कशाला? मोबाईल कॅसेट वाचत नाही, म्हणून. कॅसेट ज्या प्रकारची, त्याच प्रकारचा कॅमकॉर्डर लागतो. (जात पाळावी लागणारी ही एकच जागा आम्ही मान्य करतो.)

कॅमकॉर्डरमध्ये कॅसेट चालवा, एव्ही आउटमधून पिवळी-पांढरी-लाल वायर बाहेरच्या रेकॉर्डरला जोडा. मेनूतली डिस्प्लेची अक्षरं आधी बंद करा, नाहीतर ती चित्रावर कायमची उमटतात. मिनी-डीव्ही असेल तर फायरवायरनं कॉम्प्युटरवर घ्या. चित्र जसंच्या तसं उतरतं, तासाला साधारण १३ जीबी.

आम्ही घाई केली. न तपासलेल्या कॅमेऱ्यात थेट सभेची कॅसेट घातली, टेप गुंतून तुटली. लाठ्या खाल्लेल्या एका आईचं भाषण त्यात होतं. ती आई आता नाही. आधी रद्दी कॅसेट चालवून बघा.

टेपचा भाग बिघडला तरी कॅमेरा विकू नका. भिंग शाबूत असेल तर बऱ्याच मॉडेलमध्ये समोरचं चित्र त्याच वायरीतून रेकॉर्डरवर जातं. दिवसभर गेटवर उभा करायचा तर अ‍ॅडॅप्टर सोबत ठेवा.

सरकारी दप्तर हे काम करील म्हणून थांबलेल्यांना आमचा एकच प्रश्न आहे: नामांतरासाठी आपण कुणाची वाट पाहिली होती?