आधी गिलावा फोडा

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. मिठीचं पाणी आमच्या खोलीत छातीपर्यंत. जमिनीवरचं ओसरलं, भिंतीतलं नाही.

पुढारी आला. ऑइलपेंटचे डबे वाटले, फोटो काढले, गेला. आणि आम्हीच, वस्तीतल्या पोरांनी, ओल्या भिंतींवर निळा रंग फासला. टाळ्या वाजवल्या! दिवाळीपर्यंत पोपडे सुटले, लोणा लागला, कपाटामागं काळी बुरशी. आई रात्रभर खोकायची. डॉक्टर म्हणाला, जागा बदला. कुठं बदलू? सखल जागाच आमच्या वाट्याला का, ते कोण सांगणार?

मी आता गवंडीकाम करतो, म्हणून बोलतो. वीट पाणी पिते. वरून ऑइलपेंट फासला की ओल आत कोंडते, क्षार घेऊन येते आणि रंगालाच ढकलून पाडते. म्हणून आधी गळती बंद करा. ओलीच्या रेषेवर हातभर गिलावा फोडा, वीट उघडी करा. लोणा कोरड्या ब्रशनं झाडा, पाण्यानं धुऊ नका. दारं-खिडक्या उघडा, पंखा लावा. महिने लागले तर लागू द्या. भिंत वाळली की गिलावा. रंग सगळ्यात शेवटी.

१४ एप्रिलच्या तोंडावर कुणी डबे घेऊन आला तर परत पाठवा. म्हणावं, गटार कधी उपसणार, फुटका पाइप कधी बदलणार, ते लिहून दे. झाकलेली ओल आमच्याच छातीत उतरते. रंगाला भुलणारे आपण, पहिला हातोडा आपल्याच भुलण्यावर पडू दे.